डोळ्यांपुढे उडणाऱ्या माश्या

पावसाळा सरल्यावरच्या स्वच्छ निळ्या आकाशाकडे किंवा उन्हात उजळलेल्या पांढऱ्या भिंतीकडे थोडा वेळ पाहिले, तर आपल्यापैकी अनेकांना नजरेच्या वाटेत काहीतरी तरंगताना दिसते. कधी तो एखादा करडा ठिपका असतो, कधी दोऱ्याचा तुकडा, कधी मण्यांची माळ, तर कधी कोळ्याच्या जाळ्यासारखे काही. त्याच्याकडे नीट पाहू गेले की ते पळते. नजर स्थिर केली की हळूहळू घरंगळत खाली जाते. डोळे चोळून ते जात नाही, चष्मा पुसूनही जात नाही. डॉक्टर मंडळी त्याला 'फ्लोटर' म्हणतात. आपल्याकडे 'डोळ्यांपुढे माश्या दिसतात', 'काळे ठिपके तरंगतात' असे सांगितले जाते.

या माश्या बहुतेक वेळा निरुपद्रवी असतात. वर्षानुवर्षे त्या सोबत राहतात आणि आपण त्यांना विसरूनही जातो. पण क्वचित प्रसंगी डोळ्याच्या आत सुरू झालेल्या एका गंभीर घटनेची ती पहिली खबर असते. ही घटना दुखत नाही, डोळा लालही होत नाही. म्हणून खबर ओळखली नाही तर दृष्टी जाऊ शकते. मग निरुपद्रवी माशी कोणती आणि धोक्याची कोणती? हा प्रश्न वैद्यांना दोन हजार वर्षे पडलेला आहे. त्याचे भरवशाचे उत्तर मात्र गेल्या शे-दीडशे वर्षांतच मिळाले. ते कसे मिळाले, हे या लेखात पाहू.

सावलीचा खेळ

आधी डोळ्याची थोडी उजळणी करू. प्रकाश पारपटलातून, बाहुलीतून आणि नेत्रभिंगातून आत शिरतो आणि मागच्या दृष्टिपटलावर प्रतिमा उमटते. दृष्टिपटलालाच आपण बोलीत डोळ्याचा 'पडदा' म्हणतो. भिंग आणि पडदा यांच्यामध्ये जी पोकळी आहे, तिने डोळ्याचा सुमारे चार-पंचमांश भाग व्यापलेला असतो. पाठ्यपुस्तकात आपण तिथे 'काचाभ द्रव' असे लिहितो, पण तो पाण्यासारखा वाहता नसतो. तो जेलीसारखा असतो. त्याचे आकारमान सुमारे ४ मिलिलिटर आणि त्यात जवळजवळ ९९ टक्के पाणीच. उरलेल्या अंशात कोलॅजेन या प्रथिनाचे अतिसूक्ष्म तंतू आणि त्यांना एकमेकांपासून दूर ठेवणारे हायलुरॉनिक आम्ल असते. हे आम्ल कार्ल मेयर आणि जॉन पामर यांनी १९३४ मध्ये पहिल्यांदा वेगळे केले, तेही गुरांच्या डोळ्यातील याच जेलीतून.

तंतू एकसारखे पसरलेले असतात तोवर जेली काचेसारखी पारदर्शक असते. वय वाढते तसे ते जागोजागी एकत्र येऊन त्यांचे पुंजके होतात आणि मधल्या जागेत पातळ पाणी साचते. या पुंजक्यांची सावली पडद्यावर पडते. आपण पाहतो ती ही सावली.

सावली म्हटले की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. आकाशात उंच घिरट्या घालणाऱ्या घारीची सावली जमिनीवर दिसत नाही; तीच घार खाली झेपावली की दिसते. डोळ्यातही पडद्याच्या जवळ असलेल्या पुंजक्याची सावली ठळक, दूरच्याची पुसट. भर उजेडात बाहुली बारीक होते, त्यामुळे सावल्यांच्या कडा रेखीव होतात. म्हणून माश्या आकाशात दिसतात, संध्याकाळच्या अंधूक खोलीत दिसत नाहीत. आणि पुंजका डोळ्याबरोबरच फिरत असल्याने त्याच्याकडे वळून पाहू म्हटले तर तोही वळतो. आपण त्याला गाठू शकत नाही.

मक्षिका, मशक आणि मोतीबिंदू

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात 'तिमिर' या विकाराचे वर्णन आहे. दोष डोळ्याच्या दुसऱ्या पटलात पोहोचला की रोग्याला माश्या, डास, केस, जाळी, वर्तुळे, पताका, किरण असे नाना आकार दिसू लागतात, असे तिथे सांगितले आहे. आज एखादा रुग्ण दवाखान्यात जी यादी सांगतो, ती जवळजवळ हीच. युरोपातल्या वैद्यांनाही माशीच आठवली. लॅटिनमध्ये या तक्रारीचे नाव 'मुस्के व्होलितांतेस', म्हणजे उडणाऱ्या माश्या, असे पडले.

इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये नाव कमावलेला वैद्य गेलन याने या तक्रारीचा बारकाईने विचार केला. त्याच्या मते डोळ्यांपुढे असे काही दिसण्याची कारणे दोन असू शकतात. एक तर पोटातील बिघाड, नाहीतर मोतीबिंदूची सुरुवात. दोन्हींत फरक करण्यासाठी तो रुग्णाला प्रश्न विचारायला सांगतो. ठिपके एका डोळ्यात दिसतात की दोन्ही डोळ्यांत सारखेच? सतत दिसतात की येतात-जातात? किती महिने झाले? पोटाचे कारण आज कोणी मानणार नाही. पण 'एका डोळ्यात की दोन्ही?' आणि 'कधीपासून?' हे प्रश्न आजचे नेत्रतज्ज्ञही विचारतात. डोळ्याच्या आत पाहण्याची सोय नसताना रुग्णाचे शब्द हाच पुरावा होता आणि गेलनने तो नीट तपासला.

सुश्रुत आणि गेलन या दोन्ही परंपरांत माश्या म्हणजे अंधत्वाकडे नेणारी पायरी ठरली. मोतीबिंदू म्हणजे भिंगापुढे उतरून घट्ट झालेला एखादा दूषित द्रव, अशी युरोपातील समजूत होती. तो पातळ असताना माश्या दिसणार आणि घट्ट झाला की अंधार होणार, हे ओघाने आलेच. ही समजूत पंधराशे वर्षे टिकली. १७०५ मध्ये मिशेल ब्रिसो या फ्रेंच शल्यवैद्याने एका मृत सैनिकाचा डोळा कापून पाहिला, तेव्हा त्यात कोणताही उतरलेला द्रव नव्हता. डोळ्याचे भिंगच गढूळ झालेले होते. हे सर्वमान्य व्हायला काही वर्षे गेली. पण त्यानंतर माश्या आणि मोतीबिंदू यांचे नाते तुटले. मग माश्या नेमक्या कुठे आहेत, हा प्रश्न पुन्हा मोकळा झाला.

टाचणीच्या छिद्रातून

या प्रश्नाला हात घातला तो भौतिकशास्त्राच्या अभ्यासकांनी. फ्रेंच गणिती फिलिप द ला हिर याने १६९४ मध्येच हलणारे ठिपके आणि एका जागी स्थिर राहणारे ठिपके यांत भेद केला होता. स्थिर ठिपके पडद्यावरच्या दोषामुळे आणि हलणारे डोळ्यातल्या द्रवात, असे त्याचे म्हणणे. खरे मोजमाप मात्र एकोणिसाव्या शतकात झाले. साधन होते टाचणीने भोक पाडलेला कागद.

बारीक छिद्र डोळ्याच्या अगदी जवळ धरले की प्रकाश एकाच बिंदूतून आत येतो आणि डोळ्यातील प्रत्येक कणाची रेखीव सावली पडद्यावर पडते. छिद्र थोडे बाजूला सरकवले तर सावल्याही सरकतात, पण सगळ्या सारख्या नाहीत. जर्मन गणिती योहान लिस्टिंग याने १८४५ मध्ये या फरकाचा उपयोग करून कण बाहुलीच्या पुढे आहे की मागे, आणि साधारण किती मागे, हे काढण्याची रीत दिली. आगगाडीच्या खिडकीतून जवळचे झाड वेगाने आणि दूरचा डोंगर संथ सरकतो, त्याच जातीची ही गोष्ट. माश्या काचाभ द्रवात, आणि बऱ्याचशा पडद्याच्या जवळ आहेत, हे असे ठरले. पुढे १८५० च्या आसपास हॉलंडमधील उत्रेख्त येथे डोंडर्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी काचाभ द्रव सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तपासला. त्यात दिसलेले तंतू आणि कण स्वतःच्या डोळ्यात दिसणाऱ्या आकारांशी त्यांनी ताडून पाहिले. आकार जुळले.

शोभादर्शकाचा जनक म्हणून आपल्याला ठाऊक असलेला डेव्हिड ब्रूस्टर यानेही १८४३ मध्ये या माश्यांवर एक निबंध लिहिला. त्या जवळजवळ प्रत्येक डोळ्यात असतात, त्यांचा अंधत्वाशी संबंध नाही, तेव्हा घाबरू नये, असा त्याचा निष्कर्ष. हजारो लोकांची नाहक भीती यामुळे गेली असेल. पण पंधराशे वर्षे ज्यांना अंधत्वाची चाहूल मानले, त्या माश्या आता सरसकट निरुपद्रवी ठरल्या. लंबक दुसऱ्या टोकाला गेला. दोन्ही मते अर्धी खरी होती आणि उरलेले अर्धे कळण्यासाठी डोळ्याच्या आत पाहणे भाग होते.

डोळ्याच्या आत पाहणारा आरसा

तो मार्ग सापडला एका शिक्षकाला. केनिग्सबर्ग विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्र शिकवणारे २९ वर्षांचे हेरमान हेल्महोल्ट्झ विद्यार्थ्यांसाठी एका व्याख्यानाची तयारी करत होते. विषय होता, काही वेळा डोळ्याची बाहुली चमकते ती कशामुळे. डोळ्यात गेलेला प्रकाश ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जातो. म्हणजे तो पाहायचा तर आपला डोळा दिव्याच्याच वाटेवर हवा. काचेच्या तिरप्या पट्ट्यांवरून उजेड रुग्णाच्या डोळ्यात टाकायचा आणि त्याच काचेतून आरपार पाहायचे, अशी युक्ती त्यांनी केली. १८५० च्या डिसेंबरात ही कल्पना त्यांनी बर्लिनमध्ये कळवली आणि १८५१ मध्ये उपकरणाचे वर्णन प्रसिद्ध केले. जिवंत माणसाच्या डोळ्याचा पडदा, त्यावरच्या रक्तवाहिन्यांसह, पहिल्यांदाच दिसला.

काही वर्षांतच या नेत्रदर्शकातून डॉक्टरांना एक विचित्र दृश्य वारंवार दिसू लागले. काही रुग्णांच्या डोळ्यात पडदा आपली जागा सोडून आत लोंबत असे, हलत असे. हाच 'पडदा सुटणे'. १८५३ मध्ये जर्मन डॉक्टर कोकियस यांना अशा पडद्यात एक फाटही दिसली. मग वाद सुरू झाला. पडदा आधी सुटतो आणि मग फाटतो, की आधी फाटतो आणि त्या फाटीतून पाणी मागे शिरून सुटतो? १८७० मध्ये द वेकर आणि १८८२ मध्ये थिओडोर लेबर यांनी 'आधी फाट' या बाजूने कौल दिला. पण बहुतेकांना तो पटला नाही आणि त्यामुळे उपचारही चुकीच्या दिशेने होत राहिले. दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या बांधून रुग्णाला आठवडेच्या आठवडे अंथरुणावर निजवून ठेवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा उपायांनी हजारात एखाद्याचाच पडदा पुन्हा बसे, असे तेव्हाचे डॉक्टरच सांगत.

फाट शोधणारा माणूस

ही स्थिती बदलली स्वित्झर्लंडमधील लोझान येथील ज्यूल गोनँ (१८७०–१९३५) या नेत्रतज्ज्ञाने. पडदा सुटलेले डोळे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासले आणि घटनांचा क्रम लावला.

तो क्रम असा. वयाबरोबर जेली पातळ होते आणि आकसते. साधारण ५० ते ७० या वयात, आणि मोठ्या मायनस नंबरचा चष्मा असणाऱ्यांत त्याहून लवकर, ती पडद्यापासून एकदम सुटी होते. बहुतेकांच्या बाबतीत ती अलगद सुटते. पण काही ठिकाणी ती पडद्याला घट्ट चिकटलेली असते. तिथे ओढ बसते. पडद्याला वेदना कळत नाहीत. त्याला फक्त उजेड कळतो. म्हणून ओढीची जाणीव वेदनेच्या रूपात न होता चमकेच्या रूपात होते. मुस्काटात बसल्यावर 'डोळ्यांपुढे काजवे चमकले' असे आपण म्हणतो, तोच हा प्रकार. ओढ फार झाली तर पडदा नालेच्या आकारात फाटतो. फाटीतली एखादी बारीक रक्तवाहिनी तुटली तर रक्तकण जेलीत पसरतात आणि रुग्णाला काजळीचा सडा पडल्यासारखे असंख्य ठिपके दिसतात. पुढे पातळ पाणी फाटीतून पडद्यामागे शिरते आणि भिंतीचा ओलसर पोपडा सुटावा तसा पडदा सुटत जातो.

म्हणजे जुन्या, ओळखीच्या एकदोन माश्या आणि अचानक आलेला नवा थवा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गेलनच्या 'कधीपासून?' या प्रश्नाचे महत्त्व इथे कळते.

गोनँ यांचा उपाय साधा होता, पण करायला अवघड. फाट नेमकी कुठे आहे ती तासन्‌तास पाहून शोधायची, नकाशा काढायचा, डोळ्याच्या बाहेरून तीच जागा मोजून ठरवायची आणि तिथे तापवलेल्या टोकाने डाग द्यायचा. व्रण धरला की फाट बंद होते. १९२० च्या सुमारास त्यांनी ही शस्त्रक्रिया मांडली तेव्हा खूप विरोध झाला. अनेकांनी फाट न शोधताच डाग दिले आणि पद्धत फसते असे जाहीर केले. १९२९ मध्ये अॅमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय नेत्रपरिषदेत मात्र त्यांच्या निष्कर्षांना मान्यता मिळाली. त्यांच्या हाताखाली निम्म्याच्या आसपास डोळे बरे होत. हजारात एकापासून इथपर्यंत!

याच सुमारास, १९३० मध्ये, नॉर्वेचा चित्रकार एडवर्ड मुंक याच्या उजव्या डोळ्यात रक्तस्राव झाला. दिसणाऱ्या काळ्या आकृत्यांची त्याने चित्रे काढली. त्यांत लांब चोचीच्या पक्ष्यासारखा एक आकार आहे. रक्त हळूहळू निवळले तशा त्या आकृत्याही बदलत गेल्या. रुग्णाच्या नजरेने काढलेली ही नोंद आजही डॉक्टर कुतूहलाने पाहतात.

ग्रहणाने दाखवलेली वाट

डोळा न कापता फाट बंद करता येईल का? या प्रश्नाचे उत्तर एका अपघातातून सुचले. जुलै १९४५ मध्ये झालेले सूर्यग्रहण जर्मनीतल्या एका वैद्यकीय विद्यार्थ्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिले आणि त्याच्या पडद्याच्या मध्यभागी भाजल्याचा डाग पडला. गेर्ड मायर-श्विकेरात या तरुण डॉक्टरने तो डाग तपासला. गोनँ यांच्या डागासारखाच तो दिसत होता. फरक इतकाच की तो प्रकाशाने, बाहुलीतून आत शिरून दिलेला होता. मग हा डाग मुद्दाम, हव्या त्या जागी का देऊ नये? हॅम्बुर्गमध्ये छपरावर आरसे लावून त्याने सूर्यप्रकाश रुग्णाच्या डोळ्यात नेला आणि फाटीभोवती डाग दिले. ढग आले की काम थांबे. १९५० च्या दशकात सूर्याची जागा झेनॉनच्या दिव्याने घेतली. १९६० मध्ये लेझर तयार झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस आर्गॉन लेझर नेत्रोपचारात आला.

फाटी बहुधा पडद्याच्या कडेला असतात आणि हेल्महोल्ट्झच्या साधनातून त्या सहज दिसत नसत. ही अडचण बेल्जियमच्या चार्ल्स शेपन्स यांनी दूर केली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी खोट्या नावाने पिरेनीज पर्वतात लाकडाची वखार चालवली आणि तिच्या आडून शंभराहून अधिक माणसांना जर्मनव्याप्त फ्रान्समधून स्पेनमध्ये निसटायला मदत केली. युद्धानंतर लंडनमध्ये त्यांनी डोक्यावर बांधायचा, दोन्ही डोळ्यांनी पाहायचा नेत्रदर्शक घडवला. आजही पडद्याचे डॉक्टर तसेच साधन कपाळावर बांधून तपासतात. १९७० मध्ये मायामीच्या रॉबर्ट माखेमर यांनी डोळ्यातील गढूळ जेलीच बारीक उपकरणाने काढून टाकण्याची शस्त्रक्रिया केली. उपकरणाची पहिली चाचणी त्यांनी कच्च्या अंड्याच्या बलकावर नाही, तर पांढऱ्या भागावर घेतली होती; तो काचाभ द्रवासारखाच चिकट असतो.

केव्हा थांबायचे नाही

आता आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर देता येते. महिनोन्‌महिने दिसणारे, संख्येने तेवढेच राहणारे, फक्त उजेडात जाणवणारे ठिपके काळजीचे नाहीत. त्यांना विरघळवणारे थेंब, गोळी किंवा डोळ्यांचा व्यायाम सिद्ध झालेला नाही. त्यावर पैसे घालवू नयेत. मेंदू हळूहळू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायला शिकतो.

पुढीलपैकी काही झाले तर मात्र त्याच दिवशी, निदान चोवीस तासांच्या आत, नेत्रतज्ज्ञाकडे जावे :

– एकाएकी नवे ठिपके, जाळे किंवा काजळीसारखा सडा दिसू लागणे;
– डोळ्याच्या कडेला, विशेषतः अंधारात, विजेसारखी चमक दिसणे;
– एका बाजूने काळा पडदा किंवा सावली सरकत येणे;
– नजर अचानक अंधूक होणे;
– चेंडू, विटी किंवा ठोसा लागल्यानंतर ठिपके दिसणे;
– ठिपक्यांसोबत डोळा लाल होणे, दुखणे किंवा उजेड सहन न होणे.

मोठा मायनस नंबर, मोतीबिंदूची झालेली शस्त्रक्रिया, घरात कोणाचा पडदा सुटलेला असणे, यांपैकी काही असेल तर अधिक दक्ष राहावे. मधुमेह असणाऱ्यांच्या डोळ्यात फाट नसतानाही रक्तस्राव होऊ शकतो.

अशा अचानक आलेल्या लक्षणांनी डॉक्टरांकडे गेलेल्या दर सात जणांत साधारण एकाच्या पडद्याला फाट सापडते. म्हणजे सहा जण निर्धास्त होऊन परततात; मात्र काही आठवड्यांनी पुन्हा तपासून घ्यावे लागते. लक्षणांसह असलेली फाट तशीच सोडली तर निम्म्याहून अधिक डोळ्यांत पडदा सुटतो. वेळेवर लेझर केले तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली येते. पडदा सुटलाच, तरी पाहण्याचा मध्यबिंदू सुटण्यापूर्वी शस्त्रक्रिया झाली तर नजर बरीच वाचते. एकेक दिवस मोलाचा असतो तो यामुळे. गावात नेत्रतज्ज्ञ नसेल तर जिल्हा रुग्णालय किंवा जवळचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे. तपासणीसाठी थेंब घालून बाहुली मोठी करतात. काही तास अंधूक दिसते, म्हणून सोबत कोणीतरी न्यावे आणि स्वतः गाडी चालवू नये.

वर्गात करून पाहण्यासाठी

पोस्टकार्डाला टाचणीने बारीक छिद्र पाडा. ते एका डोळ्यापासून दोन-तीन सेंटिमीटरवर धरून उजळ आकाशाकडे पाहा. सूर्याकडे मात्र कधीही पाहायचे नाही. त्याचे काय होते ते वर आलेच आहे. थोड्या वेळात स्वतःच्या माश्या दिसतील. आता दुसऱ्या कागदाची कड डोळा आणि छिद्र यांच्यामधून खालून वर न्या. काळी कड वरून खाली येताना दिसेल! भिंगाने पाडलेली प्रतिमा उलटी असते आणि मेंदू ती सुलटी समजतो. सावली मात्र मुळातच सुलटी पडते, म्हणून मेंदूला ती उलटी वाटते. मग नजर थांबवल्यावर खाली उतरणारी माशी डोळ्याच्या आत खरोखर कोणत्या दिशेने जात असेल? हे मुलांनाच विचारावे.

प्रयोग दोन्ही डोळ्यांनी आळीपाळीने करावा. दोन्ही डोळे उघडे असताना एका डोळ्याची उणीव दुसरा भरून काढतो आणि बिघाड लक्षात येत नाही. महिन्यातून एकदा एकेक डोळा झाकून पाहण्याची सवय मुलांना लागली, आणि त्यांनी ती घरी आजी-आजोबांनाही लावली, तर एखादी फाट वेळेत सापडू शकेल.